अक्रोडाची मूठ

वासिल हाव्रिलाला सगळं दिसायचं, फक्त ज्याच्याकडे बघावं तेवढं सोडून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं होतं, ते त्याने मुद्दाम लक्षात ठेवलं नाही. दाराची चौकट दिसे, ताटाची कड दिसे, बायकोचे कान दिसत. मधोमध मात्र एक राखाडी डाग. बायकोच्या तोंडाकडे सरळ बघितलं की तोंडच गायब. दुसऱ्या कोणावर ही पाळी आली असती तर त्याने चार दिवस कुरकुर करून मान वाकडी करून बघायची सवय लावून घेतली असती. पण वासिल पडला नेमबाज. उभं आयुष्य त्याने कागदावरच्या एका काळ्या गोलाकडे रोखून बघण्यात घालवलेलं, आणि दैवाने पुसायला नेमका तोच गोल निवडला.

ईस्टरनंतर तो नेमबाजीच्या क्लबात गेला नव्हता. दर गुरुवारी चेट द्युराचा फोन येई. चेट म्हणजे क्लबाचा सेक्रेटरी आणि वासिलचा पोलादाच्या गिरणीतला जुना जोडीदार. फोन त्याची बायको ऑल्गा उचले, आणि आतून आवाज येई, "सांग, झोपलोय." झोपलेला माणूस इतक्या खणखणीत आवाजात कसा बोलतो, हे चेटने कधी विचारलं नाही. भला माणूस.

वासिल खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रेडिओवर बेसबॉल ऐके. खेळ संपला की हवामान ऐके. हवामान संपलं की पशुखाद्याच्या जाहिराती. परवा तर त्याने कपाटातली रिव्हॉल्व्हरं पुतण्याला देऊन टाकायची भाषा काढली. हेझल रन गावात असे खुर्चीत बसलेले पुरुष ऑल्गाने पुष्कळ पाहिले होते. गिरणी बंद पडली तेव्हा तिचा सख्खा भाऊ पीटर असाच बसला. आजारी नव्हता, काही नव्हतं, नुसता बसला. बर्फ वितळायच्या आत त्याला सेंट निकोलसच्या दफनभूमीत पोचवावं लागलं. आपला माणूस खुर्चीतून उठला नाही तर आपणही त्याला तसंच पोचवणार, हे ऑल्गाला दिवसाढवळ्या दिसत होतं. तिचे डोळे चांगले होते ना.

आणि तिला गुरुवार आठवत.

चर्चच्या हॉलखाली तळघर होतं. एका बाजूला क्लबाचं नेमबाजीचं ठाणं, मध्ये जाड भिंत, आणि पलीकडे स्वयंपाकघर. कागदांमागचे पोलादी पत्रे गिरणीतूनच आले होते. कसे आले ते पाद्रीबाबांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. पुरुष तिकडे गोळ्या झाडत, बायका इकडे कोबी चिरत आणि हालुश्कीच्या शेवया लोण्यात परतत. भिंतीतून आवाज यायचे, आणि सगळ्यांत मजा म्हणजे ऑल्गाला आवाजावरून माणूस कळायचा. चेट घाईचा, फटाफट उडवून मोकळा. म्हातारा साबोल मध्येच थांबे, खोके आणि मग उरलेल्या गोळ्या काढे. वासिलचं मात्र संथ काम. एक गोळी, मग शांतता, त्या शांततेत ऑल्गाचा हात नकळत कढईवर थांबे, आणि मग दुसरी. गोळ्यांमधलं अंतर सारखं असलं की ती समजे, गडी आज खुशीत आहे, घरी जाताना गाडीत गाणं म्हणणार. अंतर कमीजास्त झालं तर त्याच्या ताटात कोल्बासी सॉसेजचा एक तुकडा जास्त पडे. सबंध संसार तिने असा भिंतीपलीकडून ऐकून चालवला. लोणी, कांदा आणि बंदुकीची जळलेली दारू यांचा तो मिसळलेला वास आता आठवला की तिला रडूच येई. घराला आता काही वासच उरला नव्हता.

म्हणून सप्टेंबरातल्या एका सकाळी तिने कॉफीचा मग त्याच्यापुढे आदळला आणि ती म्हणाली, "मला रिव्हॉल्व्हर घ्यायचंय."

वासिलने रेडिओ बारीक केला. "कोणाला मारायचंय?"

"कागदाला. क्लबात आता बायकाही जातात. चेटची सून जाते."

"चेटची सून ट्रक चालवते."

"मग? मी तीस वर्षं पन्नास माणसांचा स्वयंपाक केलाय. तिने करून दाखवावा."

"कपाटात चार पडलीत, त्यातलं एक घे."

"ती तुझी आहेत. मला माझं हवंय. आणि बर्नीच्या दुकानात मी एकटी गेले तर तो मला काहीही गळ्यात मारेल, हे तुलाही ठाऊक आहे."

हा बाण बरोबर लागला. बर्नी साबोलने कोणाला काय गळ्यात मारलं यावर वासिल कितीही वेळ बोलू शकत असे. तो पुटपुटला, टोपी शोधली, कोट उलटा घातला, सरळ केला आणि गाडीत जाऊन बसला. ऑल्गाने गाडी सुरू करताना मनातल्या मनात मेरीमातेचे आभार मानले आणि चेहरा अगदी साधा ठेवला. वास्तविक त्याची गरज नव्हती. तिच्या चेहऱ्याच्या जागी त्याला डागच दिसत होता.

बर्नीचं दुकान त्याच्या बापाने थाटलेलं. जमिनीच्या फळ्या अजून त्याच जागी करकरत आणि तेलाचा वासही तोच. वासिल आत शिरला आणि दारातच थबकला. याच काउंटरवर त्याने आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं, युद्धावरून परतल्यावर, गिरणीचे पहिले पगार खिशात खुळखुळत असताना.

"काका!" बर्नी काउंटरच्या मागून ओरडला. "आम्हाला वाटलं तुम्ही वारलात!"

"मग हार घेऊन यायचं होतंस. हिला दाखव काहीतरी."

"काकूंना? अहो, मग हे बघा ना." बर्नीने एक छोटंसं, चकचकीत, मोतिया मुठीचं रिव्हॉल्व्हर काढलं. गोळ्या भरायची चक्री उघडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि दागिना ठेवावा तसं मखमलीवर ठेवलं. "बायकांना हेच आवडतं. हलकं, आटोपशीर. पर्समध्ये मावतं."

"तिला पर्समध्ये नेम धरायचा नाहीये," वासिल म्हणाला. "कागदावर धरायचाय. ठेव ते आत."

"काका, काकूंना उचलायला सोपं म्हणून म्हटलं."

"उचलायला सोपं आणि मारायला महाकठीण! हलकं असलं की हातात उडतं. नळी बोटाएवढी, नेम धरायचा कशावर? नळी जितकी लांब तितकी आपली चूक आपल्याला आधी दिसते. तुझ्या बापाने असलं बायकांना विकलं नाही कधी."

"माझ्या बापाने तुम्हाला अडतीस बोअरचं विकलं होतं, पहिल्याच खेपेला," बर्नी हसत म्हणाला. "तो मरेपर्यंत सांगायचा. म्हणायचा, हाव्रिला गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटतो."

ऑल्गाने झटकन वासिलकडे बघितलं. डोळ्यांचा विषय त्यांच्या घरात कोणी काढत नसे. पण वासिल हसला, घशातून, थोडंसं गंजलेलं हसू.

"खरंय ते. पहिलं सगळे चुकीचंच घेतात. मर्दासारखं दिसेल असं घेतात. मीही घेतलं. अख्खा हिवाळा मी दचकत होतो. चाप ओढायच्या आधीच हात खाली जायचा. शेवटी चेटच्या बापाने ते काढून घेतलं आणि हातात बारीक गोळीचं बावीसचं दिलं. म्हणाला, पोरा, आधी आवाजाची भीती जाऊ दे, मग मर्द हो. बावीसचं काढ, बर्नी. मधल्या मापाचं, लांब नळीचं, जड."

मग बर्नीने एक काढलं, दुसरं काढलं, आणखी काढलं. प्रत्येक वेळी चक्री उघडून दाखवायची, वासिलने बोटाने भोकं चाचपून रिकामी असल्याची खात्री करायची, आणि मग ते ऑल्गाच्या हातात.

"भिंतीकडे तोंड कर. बोट चापावर नको. हात सरळ सोड. आता डोळे मीट. आता हात वर कर, जसा आपोआप जाईल तसा. उघड डोळे. नळीच्या टोकावरची माशी, ती नेमाची खूण, मागच्या खाचेत बसलीय?"

"नाही. माशी डावीकडे बघतेय."

"मग ते तुझं नाही. दुसरं."

ऑल्गाला आधी हसू येत होतं, कारण हे सगळं तिच्या दृष्टीने नाटक. पण डोळे मिटून हात उचलायचा आणि मग उघडून बघायचं, यात तिला हळूहळू गोडी लागली. एक वापरलेलं, कडांवरचा काळा रंग उडालेलं रिव्हॉल्व्हर तिने उचललं, आणि डोळे उघडले तर माशी खाचेत मधोमध. तिने पुन्हा केलं. पुन्हा मधोमध. तिच्या छातीत काहीतरी लकाकलं. हे मला हवंय, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"बसली," ती म्हणाली. "पण मूठ फार जाड आहे. बोट चापापर्यंत जेमतेम टेकतं."

"बघू."

बघू म्हणाला खरा, पण बघणार कसा? त्याने हात पुढे केला आणि तिचा हात मुठीसकट आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचं एक बोट तिच्या बोटांवरून फिरत गेलं, अंगठ्याच्या बेचक्यापाशी थांबलं, लाकडाच्या कडेवरून परत आलं. बर्नी काहीतरी बोलत होता, त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"बर्नी, मुठीच्या आतला सांगाडा बदललाय का रे कंपनीने? म्हणजे पूर्वीच्या मापापेक्षा?"

"छे. बाकी सगळं बिघडवलं, तेवढं तसंच ठेवलं. जुन्या मुठी नव्याला बसतात."

"मग हेच दे. मूठ काढून ठेव तुझ्याकडे."

"मुठीशिवाय? काका, नुसत्या लोखंडाला काकू धरणार कशा?"

"ते आमचं आम्ही बघू."

कागदांवर ऑल्गाने सह्या केल्या. कायद्याप्रमाणे दोन दिवस थांबून मग न्यायचं होतं.

परतताना गिरणीच्या बंद फाटकावरून गाडी गेली. ऑल्गाने विचारलं, "मुठीचं काय डोक्यात आहे तुझ्या?"

पुलावर आल्यावर वासिल म्हणाला, "तुला रिव्हॉल्व्हर नकोच होतं. मला घराबाहेर काढायचं होतं तुला."

आता खोटं कशाला बोलायचं? "हो," ती म्हणाली. "तू पीटरसारखा बसलायस. मला भीती वाटते, वासिल. मला तुला पुरायचं नाहीये इतक्यात."

"मी तिथे जाऊन करू काय? भिंतीकडे तोंड करून बसू? लोक बाजूला सरकून वाट देतात मला, ऑल्गा. हळू बोलतात. मी मेलोय आणि ते माझ्या मयतीला आलेत असं वाटतं."

"आज बर्नी हळू बोलला?"

"नाही. तो गाढव आहे."

"आणि आणखी एक," ऑल्गा म्हणाली. "सकाळी नको होतं मला. आता हवंय. खरंच हवंय."

वासिल खिडकीबाहेर तोंड करून बसला. पण खुर्चीत बसायचा तसा नाही, हे तिला डोळ्याच्या कडेतून दिसलं.

ते दोन दिवस घराच्या तळघरातून पत्र्याचे डबे उघडल्याचे, खिळे सांडल्याचे आणि शिव्यांचे आवाज येत होते. ऑल्गा जिन्यापर्यंत गेली की खालून ओरडा येई, "वरच थांब!" रेडिओ बंद होता. बेसबॉल चालू होतं, तरी बंद होता.

रिव्हॉल्व्हर घरी आणलं त्या दुपारी त्याने तिला खाली बोलावलं. तळघराच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा कामाच्या बाकावर पडला होता. बाकावर तंबाखूचा जुना डबा, आणि डब्यात फ्लॅनेलच्या चिंधीत गुंडाळलेले अक्रोडाच्या लाकडाचे दोन तुकडे. काळसर, तेल पाजून गुळगुळीत केलेले, एकमेकांचे जुळे. प्रत्येकावर बोटांसाठी खाचा कोरलेल्या. क्लबातला प्रत्येक जण आपली मूठ आपणच कोरत असे, तो तिथला रिवाज. विकतच्या मुठीने खेळणाऱ्याला हे लोक दुसऱ्याचा दात घालून जेवणारा म्हणत. पण या खाचा वासिलच्या बोटांच्या नव्हत्या. अर्ध्याच रुंदीच्या होत्या.

"ही कोणाची?" ऑल्गाने विचारलं, आणि विचारताना तिला थोडा मत्सरही वाटला. का लपवा?

"तुझी."

"माझी कुठली?"

"लग्नानंतरचा पहिला हिवाळा. तू पिरोहीच्या पारीसाठी कणीक मळत होतीस. मी म्हटलं, एक गोळा घे आणि मुठीत करकचून आवळ."

ऑल्गाच्या हाताला ते आधी आठवलं. गार, मऊ पीठ बोटांतून बाहेर येतंय, आणि तो तरणाताठा गडी तिच्या हाताकडे असा बघतोय की तिचे कान लाल झाले. तिला वाटलं होतं, नव्या नवऱ्याचे चाळे. आणि तो पठ्ठ्या तो गोळा अलगद बशीत घेऊन खाली निघून गेला. नंतर कित्येक दिवस तिने स्वयंपाकघरात बायकांना हसवलं होतं, की माझा नवरा कणीक चोरतो.

"ते माप घेत होतास तू?"

"मग काय! साबोलच्या दुकानात तुझ्यासाठी असंच बावीसचं बघून ठेवलं होतं. मूठ आधी तयार केली. नाताळानंतर रिव्हॉल्व्हर आणणार होतो. मग तू म्हणालीस, कपडे धुवायचं मशीन घेऊ."

"आणि तू एका शब्दाने बोलला नाहीस?"

"काय बोलणार? माझ्या गिरणीच्या कपड्यांनी तुझे हात फुटले होते. रक्त यायचं. मशीन हवंच होतं. मुठीचं सांगितलं असतं तर तू मशीन नको म्हणाली असतीस. तुझं मला माहीत नाही का?"

ऑल्गा तिथल्याच उलट्या बादलीवर बसली. सगळे गुरुवार तिला एकदम आठवले, कोबीच्या बाजूने ऐकलेले. भिंतीपलीकडे तिच्यासाठी एक जागा कोरून तयार होती आणि तिला पत्ता नव्हता. तिला वाईट वाटलं, भरून आलं, आणि त्या मूर्ख माणसाचा रागही आला.

वासिलने चक्री चाचपली, रिकामी असल्याची खात्री केली, आणि ते दोन तुकडे सांगाड्यावर बसवले. स्क्रूची खाच त्याने नखाने शोधली. घट्ट आवळून रिव्हॉल्व्हर तिच्यापुढे धरलं. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"धर."

तिने धरलं. धरायचा प्रयत्न केला. पहिलं बोट खाचेत गेलं, दुसरं सांध्यापाशी अडलं, तिसरं गेलंच नाही. तिने जोर केला, दुखलं, आणि तोंडातून हलकेच स्स निघालं. बघणाऱ्याला ते ऐकू आलं नसतं. वासिलला आलं.

"काय झालं?"

"काही नाही. बसतेय."

"आण इकडे." त्याने तिचा हात घेतला. परवा दुकानात मुठीचं लाकूड मध्ये होतं, आज नुसता हात होता. त्याचं बोट तिच्या एकेका सांध्यावर थांबत गेलं. गाठी होत्या तिथे, लाकडाला असतात तशा. "हे कधी झालं?"

"झाली बरीच वर्षं. भांडी, थंडी, वय."

"म्हणून अंगठी गळ्यात घालतेस? साखळीत?"

"बोटात जात नाही रे आता."

"मला वाटलं, फॅशन असेल," वासिल म्हणाला. "डोळे चांगले होते तेव्हाही बघितलं नाही मी, ऑल्गा. त्या काळ्या गोलाकडेच बघत बसलो."

त्याने स्क्रू काढला, लाकडं सोडवली, भिंतीवरची कानस हात लांबवून अचूक काढली आणि पहिल्या खाचेला लावली.

"थांब!" ऑल्गाने त्याचं मनगट धरलं. "नको घासू. किती सुंदर आहे ते. माझा तेव्हाचा हात आहे तो, वासिल. तेवढाच उरलाय. असू दे तसाच डब्यात. मी बर्नीची मूठ लावेन."

वासिलने मान वळवली, आधी तिच्या तोंडाकडे, मग थोडी बाजूला, जिथून ती त्याला दिसत असे. बराच वेळ तो तसा तिच्याकडे बघत राहिला.

"त्या पोरीला मशीन हवं होतं," तो म्हणाला. "मी तिला मशीन दिलं. जिला मूठ हवीय तिच्यासाठी करतोय मी ही."

आणि त्याने कानस ओढली. तेल प्यालेल्या काळ्या कातडीखालून फिकं, ताजं लाकूड वर आलं आणि त्याचा वास सुटला. बारीक भुगा उन्हाच्या पट्ट्यातून बाकावर पडू लागला. तो डोळे मिटून काम करत होता. मध्येच खाचेतून अंगठा फिरवी, मान हलवी, पुन्हा घाशी. ऑल्गाला रडायचं होतं, पण तिचं लक्ष कानशीच्या आवाजाकडे लागलं. एक लांब ओढ, मग शांतता, मग दुसरी. अंतर अगदी सारखं.

"चेटला फोन कर," तो म्हणाला. "गुरुवारी दोन माणसं येतायत म्हणावं. एक गोळ्या झाडणार, आणि एक तिच्या चुका काढणार. आणि त्यांना सांग, माझ्याशी हळू बोललात तर खबरदार."

"करते."

"आत्ता नको. आधी हात दे. खाच तुझ्या बोटावर बघून घासायचीय मला."

ऑल्गाने बाहीने डोळे पुसले, बादली बाकाजवळ ओढली आणि हात त्याच्या पुढ्यात ठेवला.